हंगामापूर्वीची आशा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी जसा आभाळाकडे डोळे लावून बसतो, तसाच अमेरिकेतील फुटबॉलचा शौकीन उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या संघाकडे पाहत असतो. ऑगस्ट संपत आला, म्हणजे तेथील विद्यापीठांचे सामने सुरू व्हावयाचे असतात. त्यापूर्वीचे काही आठवडे गावोगावी त्याचीच चर्चा चालते. न्हाव्याच्या दुकानात, उपाहारगृहात, कारखान्याच्या दाराशी, प्रार्थना आटोपून चर्चबाहेर पडणाऱ्या मंडळींत जो तो विचारतो : यंदा आपला संघ किती सामने जिंकेल? गेल्या वर्षी ज्याने संघाची धुरा वाहिली, तो खेळाडू पदवी घेऊन गेला. त्याची जागा कोण घेणार? नवा प्रशिक्षक कसा आहे? पहिलाच सामना परगावी आहे, तो निभावेल काय? विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, तसेच पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थी असलेले वृद्धही असतात. आणि ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, असे दुकानदार व कामकरीही असतात. संघ विद्यापीठाचा खरा. पण त्याला 'आपला' म्हणणारे सारे गाव असते.

हा फुटबॉल म्हणजे भारतात पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळा तो हातात धरून पळवतात किंवा हाताने फेकतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. तसे न झाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शंभर यार्डांचे मैदान असे टप्प्याटप्प्याने ओलांडून प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला, म्हणजे सहा गुण मिळतात. रटगर्स व प्रिन्स्टन या दोन शिक्षणसंस्थांमध्ये ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सामना या परंपरेतील पहिला मानला जातो. पुढे खेळाचे नियम पुष्कळ बदलले; लोकांची ओढ मात्र वाढतच गेली.

विद्यार्थी-खेळाडू विद्यापीठात सामान्यतः चार वर्षे राहतो. त्यामुळे दरवर्षी काही जुने जातात, काही नवे येतात आणि संघाचे रूप पालटते. भाकितांना जोर चढतो, तो या अनिश्चिततेमुळेच. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडापत्रकारांची मते घेऊन संघांची क्रमवारी लावीत आली आहे, आणि १९५० पासून तर एकही सामना होण्यापूर्वी पहिली क्रमवारी जाहीर होऊ लागली. परंतु मैदान काही या क्रमवारीला बांधलेले नसते. २००७ साली हंगामाच्या आरंभी मिशिगन विद्यापीठाचा संघ पाचव्या क्रमांकावर होता. १ सप्टेंबर रोजी त्याच्याच मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या देखत, खालच्या श्रेणीतील ॲपलाचियन स्टेट या संघाने त्याला ३४–३२ असे हरवले. असे चमत्कार अधूनमधून घडतात, म्हणूनच दुबळ्यातील दुबळ्या संघाचे चाहतेही हंगामापूर्वी आशा सोडीत नाहीत.

एका गावी मात्र एका वर्षी ही चर्चा नेहमीच्या शब्दांत करता येईना. ते गाव म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन शहर, आणि ते वर्ष १९७१. ओहायो नदीच्या काठी वसलेल्या या शहरात मार्शल विद्यापीठ आहे. त्याचा संघ त्या काळी काही नामांकित नव्हता. १९६७ व १९६८ या दोन हंगामांत त्याला एकही सामना जिंकता आला नव्हता. तरी शहराने त्याला अंतर दिले नाही. १९७० च्या हंगामात तीन विजय पदरी पडले. ज्यांनी पराभवांची सवय करून घेतली होती, त्यांच्या आशेला तेवढा आधार पुरेसा होता.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी हा संघ नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथे ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी खेळला आणि १७–१४ असा थोडक्यात हरला. त्याच संध्याकाळी मंडळी विमानाने परत निघाली. हंटिंग्टनवर पाऊस व धुके दाटले होते. धावपट्टी अगदी जवळ आली असता विमान एका टेकडीवर कोसळले. आत ७५ माणसे होती. त्यांतले एकही वाचले नाही. ३७ खेळाडू गेले. प्रशिक्षक व त्यांचे साहाय्यक मिळून ८ जण गेले. विमानाची व्यवस्था पाहणारी ५ माणसे गेली. आणि संघासोबत हौसेने गेलेले २५ चाहतेही गेले. दर उन्हाळ्यात संघाच्या भवितव्याची चर्चा करणारे, त्यासाठी पैसा व वेळ खर्च करणारे ते हेच लोक. कित्येक मुलांचे आई आणि वडील दोघेही त्या विमानात होते. सहा खेळाडूंची तर ओळखही पटली नाही. त्यांना शहरातील स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी मूठमाती देण्यात आली.

त्या हिवाळ्यात हंटिंग्टनपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो 'किती सामने जिंकू' हा नव्हता. 'खेळावे की खेळू नये' हा होता. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते. ज्या मैदानावर ती मुले खेळली, तेथे इतक्या लवकर टाळ्यांचा गजर व्हावा, हे एका पक्षाला मृतांचा अनादर केल्यासारखे वाटे. शिवाय संघ उभा करावा तो कोणाच्या बळावर? दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने त्या दिवशी मागे राहिलेले मोजके खेळाडू आणि पहिल्या वर्षाचे कोवळे विद्यार्थी, एवढेच काय ते उरले होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की संघ मोडला, तर अपघाताने जे नेले त्यात आपण आपल्या हातांनी भर घालू. जे खेळण्यासाठी जगले, त्यांची आठवण ओस मैदानाने राखली जाणार नाही. पहिल्या पक्षाला भेकड म्हणता येत नव्हते आणि दुसऱ्याला निष्ठुर म्हणता येत नव्हते. दोघांचे मत वेगळे होते. दुःख मात्र एकच होते.

अखेर खेळावयाचे ठरले. तेव्हा नियम आडवा आला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती. डोनाल्ड डेडमन हे त्या वेळी विद्यापीठाचे प्रभारी अध्यक्ष होते. विद्यापीठाने राष्ट्रीय क्रीडासंघटनेकडे सवलत मागितली, आणि ती मिळाली. मार्च १९७१ मध्ये ओहायो राज्यातील वूस्टर महाविद्यालयातून जॅक लेंगयेल हे प्रमुख प्रशिक्षक म्हणून आले. जुन्या प्रशिक्षकांपैकी रेड डॉसन अपघाताच्या रात्री विमानात नव्हते. नव्या खेळाडूंच्या शोधात ते मोटारीने गेले होते. ज्यांना शिकवले, त्या मुलांना गमावल्यानंतर मैदानावर पाऊल ठेवणे त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना करणेही कठीण आहे. तरीही नवा संघ उभा राहावा म्हणून ते आणखी एक हंगाम थांबले आणि मगच त्यांनी हे काम सोडले. दुखापतीमुळे मागे राहिलेला नेट रफिन हा खेळाडू नव्या संघाचा कर्णधार झाला.

अनुभवी खेळाडू हाताशी नव्हते, म्हणून लेंगयेल यांनी मुलांना झेपेल अशी खेळण्याची पद्धत शोधण्यास आरंभ केला. त्याच राज्यातील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपल्या संघाची पद्धत त्यांना मोकळ्या मनाने पाहू दिली. कोणताही प्रशिक्षक आपले डावपेच सहसा दुसऱ्याला दाखवीत नाही; म्हणून या मदतीचे मोल मोठे होते.

पुन्हा ऑगस्ट आला. दहा सामने ठरले होते. कागदावर हिशेब मांडणाऱ्या कोणाही जाणकाराला या पोरसवदा संघाकडून एका विजयाचीही हमी देता आली नसती. आजवर चाहते भाकीत करीत, ते गुणांचे आणि विजयांचे. यंदा हिरव्या पोशाखातील मुले मैदानावर उतरतील, एवढे भाकीत खरे ठरले तरी पुष्कळ झाले, अशी वेळ होती.

१८ सप्टेंबर १९७१ रोजी केंटकी राज्यात मोरहेड स्टेट विद्यापीठाशी पहिला सामना झाला. मार्शलचा संघ २९–६ असा हरला. पुढच्याच शनिवारी, २५ सप्टेंबरला, हंटिंग्टनच्या फेअरफील्ड क्रीडांगणावर झेवियर विद्यापीठाशी गाठ होती. अपघातानंतर घरच्या मैदानावरील हा पहिला सामना. वेळ संपत आली, तेव्हा झेवियरचा संघ १३–९ असा पुढे होता. अखेरचा एकच डाव उरला. रेजी ऑलिव्हरने चेंडू टेरी गार्डनरकडे फेकला. साथीदारांनी आडव्या येणाऱ्यांना थोपवून वाट मोकळी केली आणि गार्डनर चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडून गेला. सामना मार्शलने १५–१३ असा जिंकला. गार्डनर हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. नियमात ती सवलत मिळाली नसती, तर त्या क्षणी तो मैदानावर नसताच. सामना संपला तरी लोकांचा पाय तेथून निघेना.

एखादी रचलेली कथा येथेच थांबली असती; पण हे खरे जीवन होते. त्या हंगामात आणखी एकच विजय मिळाला, तो बोलिंग ग्रीन विद्यापीठावर, १२–१० असा. दहांपैकी आठ सामने गेले. लेंगयेल चार वर्षे राहिले. त्या काळात ९ सामने जिंकले आणि ३३ हरले. पराभवांहून विजय अधिक, असा हंगाम पाहण्यासाठी हंटिंग्टनला १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे १९९२ साली आणि पुन्हा १९९६ साली मार्शलने आपल्या श्रेणीतील राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९६ मध्ये तर खेळलेले पंधराच्या पंधरा सामने त्याने जिंकले. १९७१ च्या त्या आठ पराभवांवाचून हे विजय कधी आलेच नसते, हे तेथील जुनी माणसे विसरलेली नाहीत.

विद्यापीठाच्या आवारात मृतांच्या स्मरणार्थ एक कारंजे उभारलेले आहे. १२ नोव्हेंबर १९७२ रोजी ते अर्पण करण्यात आले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला लोक त्याभोवती जमतात, पुष्पचक्र वाहतात आणि कारंज्याचे पाणी बंद करतात. हिवाळाभर ते मुके असते. वसंत ऋतूत पाणी पुन्हा सुरू होते. आणि उन्हाळा सरत आला, की त्याच आवारात येत्या हंगामाविषयी बोलणे निघते. कोणी म्हणतो, यंदा आठ सामने जिंकू. कोणी म्हणतो, सहा जिंकले तरी पुरे. भाकिते चुकतात, क्रमवारी उलटीपालटी होते. परंतु खेळावयास संघ आहे आणि त्याच्याविषयी बोलावयास माणसे आहेत, ही गोष्ट किती मोठी आहे, हे हंटिंग्टनला कोणी निराळे सांगावे लागत नाही.

अभ्यास

१. हंगामापूर्वी संघाविषयी निश्चित भाकीत करणे अवघड का असते?
२. संघ पुन्हा उभारावा की नाही, याविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे काय होते? तुमचे मत कारणांसह लिहा.
३. नियमातील सवलतीचा झेवियरविरुद्धच्या सामन्यावर कसा परिणाम झाला?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे लावून बसणे, धुरा वाहणे, अंतर देणे, पदरी पडणे, पाय न निघणे.