नवा गोलंदाज आणि त्याचें ओझें

खेळाचें शिक्षण म्हणजे चेंडू कसा टाकावा व बॅट कशी धरावी एवढेंच नव्हे. किती टाकावा आणि केव्हां थांबावें, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे; आणि आमच्या मतें शाळांतून तोच भाग सर्वांत कमी शिकविला जातो. म्हणून या लेखांत त्याविषयीं थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तर तो वाचावाच, पण पालकांनींही वाचावा अशी विनंती आहे. मुलगा मैदानावर किती धांवला हें शिक्षकास दिसतें. परंतु सकाळीं अंथरुणावरून उठतांना तो कमरेस हात लावितो किंवा नाहीं, हें घरच्यांसच दिसतें.

खानदेशांतील शेतकऱ्यास या विषयाचें मर्म निराळें सांगावयास नको. गोऱ्हा कितीही उमदा व धडधाकट असला, तरी शहाणा शेतकरी त्यास पहिल्याच दिवशीं नांगरास जुंपून संध्याकाळपर्यंत हाकीत नाहीं. आधीं जुंवाची संवय, मग हलकें काम, मग जुन्या बैलाच्या जोडीनें थोडा वेळ औत, असा क्रम तो पाळतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करून बैलाचे खांदे तो स्वतःच्या हातांनीं चोळतो. मग पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याविषयीं व पाठीविषयीं हीच दृष्टि आपण कां ठेवूं नये?

हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत, बेसबॉल या खेळांत पुढें आला. त्या खेळांत चेंडू फेकणारा गडी, ज्यास पिचर म्हणतात, तो पूर्ण जोरानें पुन्हां पुन्हां चेंडू फेकतो. प्रत्येक फेंकीस कोंपराच्या आंतील बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण पडतो. १९७४ सालीं टॉमी जॉन नांवाच्या पिचरचा हा बंध तुटला, तेव्हां डॉ. फ्रँक जोब यांनीं दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध तेथें बसवून शस्त्रक्रिया केली. जॉन १९७६ सालीं पुन्हां खेळूं लागला व १९८९ पर्यंत खेळला. परंतु जी शस्त्रक्रिया धंदेवाईक खेळाडूवर प्रथम झाली, ती पुढें शाळकरी मुलांवरही करण्याची पाळी आली. तेव्हां त्या देशांतील जाणत्यांनीं फेंकी मोजण्यास आरंभ केला. मुलांच्या 'लिटल लीग' संस्थेनें २००७ सालीं फेंकींची मर्यादा घातली. २०१४ सालीं वयवार नियम प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें १५ व १६ वर्षांच्या मुलानें एका दिवसांत ९५ हून अधिक फेंकी करूं नयेत; ७६ किंवा अधिक केल्यास पुढें ४ दिवस पूर्ण विसांवा घ्यावा; आणि वर्षांतून निदान ४ महिने फेंकींचें काम बंद ठेवावें.

आपल्याकडे बेसबॉलहून क्रिकेटचा प्रसार अधिक. म्हणून आपलें उदाहरण आपण क्रिकेटांतूनच घेऊं. मुंबईचे रमाकांत देसाई यांचा जन्म १९३९ सालचा. उंचीनें ते इतके ठेंगणे कीं सोबती त्यांस 'टायनी' म्हणत. पण चेंडू मात्र वेगानें येई व उसळे. १९५८-५९ या आपल्या पहिल्याच रणजी हंगामांत त्यांनीं मुंबईकडून ५० बळी घेतले. त्याच हंगामांत, १९५९ च्या फेब्रुवारींत, वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीस त्यांस पहिला कसोटी सामना मिळाला. प्रतिपक्षानें ८ गडी बाद ६४४ धावा केल्या. त्या एका डावांत या १९ वर्षांच्या मुलानें ४९ षटकें टाकलीं व १६९ धावा देऊन ४ बळी घेतले. ४९ षटकें म्हणजे २९४ चेंडू, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. लगेच उन्हाळ्यांत इंग्लंडचा लांब दौरा आला; लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांनीं एका डावांत ५ बळी घेतले. त्या काळीं भारतीय संघांत वेगवान गोलंदाज मोजकेच. त्यामुळें भार बहुतेक एकाच खांद्यावर पडे.

देसाई २८ कसोटी सामने खेळले व त्यांनीं ७४ बळी घेतले. अखेरचा सामना १९६८ सालीं न्यूझीलंडांत डनेडिन येथें झाला. त्यांत फलंदाजी करतांना चेंडू लागून जबडा मोडला असतांही ते खेळत राहिले. तेव्हां त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. एखाद्याचा खेळ लवकर कां संपतो यास अनेक कारणें असतात, आणि सर्व दोष ओझ्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि अशा शूर व कष्टाळू गड्याच्या पहिल्या वर्षाचे हे आंकडे वाचले, म्हणजे त्यास जोडीदार मिळाला असता तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां शरीराचें काय होतें तें पाहूं. वेगवान गोलंदाज चेंडू सोडतांना पुढचा पाय जोरानें आपटतो. त्या क्षणीं त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि त्याच वेळीं कंबर मागें व बाजूस वांकून पिळली जाते. हा सर्व ताण पाठीच्या खालच्या मणक्यांच्या एका बारीक हाडावर पडतो. उजव्या हाताच्या गोलंदाजास बहुधा डाव्या बाजूस. वाढत्या वयांत हाडें लांबीनें भराभर वाढतात, परंतु त्यांची घनता मागून येते. शिवाय हाडाची डागडुजी घराच्या भिंतीसारखी चालते: आधीं जुन्या विटा काढाव्या लागतात, मग नव्या बसतात. मधल्या कांहीं आठवड्यांत भिंत कच्ची असते. त्याच वेळीं पुन्हां भार पडला तर बारीक चीर जाते. म्हणूनच स्पर्धेंत केलेल्या अतिश्रमाचें फळ पुष्कळदां स्पर्धेनंतर तीन-चार आठवड्यांनीं दिसतें, आणि 'काल तर बरा होता' असें आपण म्हणतों. अशी चीर भरण्यास महिने लागतात. जसप्रीत बुमराह यांच्यासारख्या मोठ्या गोलंदाजासही २०१९ सालीं पाठीच्या अशाच दुखण्यानें बाहेर बसावें लागलें, आणि पाठ पुन्हां दुखावून २०२३ सालीं शस्त्रक्रियाही करावी लागली.

कोणी म्हणेल, 'आमचे आजे दिवसभर मोटा हाकीत व पोतीं उचलीत. त्यांच्या पाठी कोठें मोडल्या?' यास उत्तर असें कीं, त्यांचें काम लहानपणापासून हळूहळू वाढलेलें होतें. श्रम हा हाडाचा शत्रु नव्हे. श्रमानेंच हाड बळकट होतें. घात करते ती एकाएकीं झालेली वाढ. आपल्या खानदेशांत तर हा धोका ऋतूंतच आहे. पावसाळ्यांत काळी माती चिकट होते, मैदानें बंद पडतात, आणि मुलगा दोन-तीन महिने चेंडूस हात लावीत नाहीं. पुढें मैदान वाळतें, शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनीं भराभर येतात, आणि तोच मुलगा आठवड्यांत तीन सामने खेळतो. त्याखेरीज गल्लींतील टेनिस चेंडूचे सामने व सरावांतील गोलंदाजी कोणी मोजीतच नाहीं. पाठीस मात्र सर्व चेंडू सारखेच.

यासाठीं एक सोपें गणित सांगतों. मागील चार आठवड्यांत एखाद्यानें ९०, १००, ११० व १०० चेंडू टाकले, तर सरासरी १०० झाली. पुढच्या आठवड्यांत त्यानें १२० टाकले तर चिंता नाहीं. पण २४० टाकले तर काम दुपटीहून अधिक झालें, आणि तेथेंच धोक्याची घंटा वाजली असें समजावें. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानें अनेक वर्षें चालविलेल्या नियमांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजास एका वेळीं ५ व दिवसांत १० षटकें, १५ वर्षांखालील मुलास ६ व १२, आणि त्यापुढें १९ वर्षांपर्यंत ७ व १८ अशी मर्यादा होती. आपल्या जिल्ह्यांतील उन्हाचा विचार करतां आपण याहून कमीच टाकावीं. अधिक तर नकोतच.

यावरून आचरणाच्या चार गोष्टी निघतात.

पहिली: प्रत्येक गोलंदाजानें एक लहान चोपडी ठेवावी. सामना, सराव व गल्ली, सर्व ठिकाणचे चेंडू रोज संध्याकाळीं तींत मांडावे व रविवारीं बेरीज करावी. ज्यास बँकेचें व्याज काढतां येतें त्यास हें कठीण नाहीं.

दुसरी: स्पर्धेच्या सहा आठवडे आधीं थोड्या षटकांनीं आरंभ करावा व दर आठवड्यास थोडी थोडी वाढ करावी. सलग दोन दिवसांहून अधिक जोराची गोलंदाजी करूं नये.

तिसरी कर्णधारास: उत्तम गोलंदाज एकच असेल तर तो दोष त्या गोलंदाजाचा नव्हे. दुसरा व तिसरा तयार करणें हें कर्णधाराचें व आम्हां शिक्षकांचें काम आहे. उपान्त्य सामन्यांत दमलेल्या मुलाच्या हातीं पुन्हां चेंडू देण्याचा मोह आम्हांस ठाऊक आहे. तो आवरणें यांतच शिक्षकपण आहे.

चौथी पालकांस: कमरेच्या एकाच बाजूस दुखणें, मागें वांकतां अधिक कळ येणें, विसांव्यानें थांबून चेंडू टाकतांच पुन्हां सुरू होणें, हीं लक्षणें दिसतांच खेळ थांबवून डॉक्टरांस दाखवावें. आरंभीं साध्या क्ष-किरण चित्रांत चीर दिसत नाहीं; एम्‌. आर्‌. आय्‌. तपासणीची गरज पडूं शकते. मलम चोळून व पट्टा बांधून मुलास मैदानावर धाडणें हें धैर्य नव्हे.

विद्यार्थ्यांनो, दुखणें लपवूं नका. 'मला आज जमणार नाहीं' असें म्हणणारा गडी भित्रा ठरत नाहीं. तो आपल्या संघाशीं खरें बोलतो. आणि पालकहो, शाळेच्या कपाटांत एक ढाल कमी आली तर पुढील वर्षीं ती मिळवितां येईल. मुलाची पाठ मात्र एकदांच मिळते, आणि ती त्यास साऱ्या आयुष्यभर, शेतांत, कारखान्यांत किंवा कचेरींत, कामास पुरवावयाची आहे.