मेट्रोचा खर्च कोणी सोसावा?

वाहतूक ही सेवा की व्यवसाय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला हमखास निघतो आणि घंटा झाली की तसाच राहतो. मुंबईच्या मेट्रोच्या आकड्यांवरून तो पुन्हा पाहण्याजोगा आहे.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा पहिला मार्ग जेमतेम साडेअकरा किलोमीटरांचा. तो खाजगी भागीदारीतून बांधावयाचे ठरले. मूळ अंदाज २,३५६ कोटी रुपयांचा होता. २०१४ साली गाडी सुरू झाली तेव्हा कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे खर्च ४,३२१ कोटींवर गेला होता. करारात तिकीट ९, ११ व १३ रुपयांचे, तर कंपनीला हवे होते १० ते ४०. प्रकरण न्यायालयात गेले.

खर्च इतका का फुगतो? जागा वेळेवर ताब्यात येत नाही, जमिनीखालच्या जलवाहिन्या व केबली हलवाव्या लागतात, रेल्वेवरून पूल न्यावयाचा तर तिची परवानगी हवी. या काळात काम थांबते. कर्जाचे व्याज मात्र चालूच असते.

कुलाबा–वांद्रे–सीप्झ हा साडेतेहतीस किलोमीटरांचा मार्ग जवळजवळ पूर्णपणे भुयारी आहे. तो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. २३,१३६ कोटींचा अंदाज ३७,२७६ कोटींवर पोहोचला, म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटींहून अधिक. पैशाचा मोठा भाग जपानकडून कमी व्याजाने मिळालेले कर्ज होय. आता एक साधे गणित करू. या साऱ्या रकमेवर अवघे दोन टक्के व्याज धरले तरी दिवसाला सुमारे दोन कोटी रुपये होतात. रोजचे दोन लाख प्रवासी धरले तर माणशी शंभर रुपये नुसत्या व्याजाचे! या मार्गावरील सर्वांत महाग तिकीट ७० रुपयांचे आहे. (प्रवासी दहा लाख झाले तर हाच बोजा वीस रुपयांवर येईल, हे मान्य केले पाहिजे.) मुद्दल, वीज व पगार यांचा हिशेब अजून व्हावयाचाच आहे.

तेव्हा तिकिटातून मेट्रो उभी राहणे नाही. मग स्थानकाजवळच्या ज्या जागांचे भाव चढतात, त्यांच्या मालकांकडून वाटा का घेऊ नये? हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्थानकांवरील व आसपासच्या जमिनीच्या विकासाचे हक्क मिळतात व त्या नफ्यातून रूळ पडतात. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून मुंबईत मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. पण तो शहरभर सरसकट आहे, आणि तो भरतो नवा खरेदीदार. वीस वर्षांपूर्वी जागा घेऊन बसलेल्याचा फायदा तसाच राहतो. मला ही रचना उलटी वाटते.

आणि बसचे काय? मेट्रोच्या स्थानकापर्यंत पुष्कळांना पोहोचविते ती बेस्टचीच बस. पूर्वी वीज खात्याच्या नफ्यातून बसची तूट भरून निघे. ती सोय पुढे राहिली नाही. २०१९ साली पाच रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले. ही दुप्पट वाढ ज्यांनी सोसली त्यांच्यापैकी कितीजणांची त्या मार्गावर स्वतःची जागा असेल?