श्री केदारनाथ यात्रा : चढाईपूर्वी वाटेवरील बर्फाची चौकशी

श्री केदारनाथ मंदिराची कवाडे साधारणतः अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात व भाऊबीजेस बंद होतात. उघडण्याचा मुहूर्त महाशिवरात्रीस उखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो. हा मुहूर्त पंचांगावरून ठरतो, बर्फाच्या स्थितीवरून नव्हे. त्यामुळे कवाडे उघडली म्हणजे वाट निर्धोक झाली, असा समज भाविकांनी करून घेऊ नये. सन २०२३ मध्ये २५ एप्रिल रोजी कवाडे उघडली आणि त्यानंतर सातत्याने होणाऱ्या हिमवर्षावामुळे प्रशासनास यात्रेकरूंची नवीन नोंदणी काही काळ थांबवावी लागली होती.

गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटर उंचीवर असून मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे. उंची दर हजार मीटर वाढली की तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने दोन्ही स्थानांत सुमारे दहा अंशांचा फरक पडतो. गौरीकुंडात दहा अंश तापमान असून पाऊस पडत असेल, तर त्याच वेळी वर बर्फ पडत असण्याचा संभव असतो. खाली छत्री उघडून उभ्या असलेल्या यात्रेकरूस हे सहसा सुचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हा हिमवर्षाव प्रायः पश्चिमी झंझावातांमुळे होतो व त्यांचा अंदाज हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राकडून आधी वर्तविला जातो. मात्र हा अंदाज वाचताना तो जिल्ह्यातील किती उंचीवरील प्रदेशासाठी आहे, हे अवश्य पाहावे. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो. चंडीगढ येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था तो देते. रुद्रप्रयाग जिल्ह्यासाठी असा इशारा असेल, तर आकाश निरभ्र दिसत असले तरी थांबणेच योग्य.

जून २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेला व जुनी वाट नष्ट झाली. तेव्हापासून वाट रामबाड्याजवळ मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने लिंचोलीमार्गे जाते. या भागात डोंगरावरून उतरणारे ओढे, स्थानिक भाषेत ‘गदेरे’, वाटेला आडवे येतात. हिवाळ्यात वरून घसरलेला बर्फ त्यांत साठून राहतो. स्थानिक लोक या राशींनाही ‘ग्लेशियर’च म्हणतात. खऱ्या अर्थाने त्या हिमनद्या नव्हेत, परंतु पायी जाणाऱ्यास धोका त्यांचाच अधिक असतो. भैरव गदेरा व कुबेर गदेरा ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. यात्रेपूर्वी मजूर हा बर्फ कापून वाट मोकळी करतात. दोन्ही बाजूंस बर्फाच्या भिंती व मधून वाट, हे दृश्य मनोहर खरे. तथापि छायाचित्रासाठी तेथे रेंगाळणे अत्यंत अयोग्य होय. गदेऱ्यातील राशीखालून पाणी वाहत असते. वरून भरीव दिसणारा बर्फ आतून पोकळ झालेला असू शकतो. म्हणून कापलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये.

सोनप्रयाग वा गौरीकुंड येथे पोहोचल्यावर ‘वाट चालू आहे काय?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. शेवटचा बर्फ केव्हा व किती पडला, गदेऱ्यांतील वाट खेचरांसाठी खुली आहे की केवळ पायी जाणाऱ्यांसाठी, आदल्या दिवशी दुपारी वरून काही घसरले काय, हे विचारावे. पोलीस व आपत्ती निवारण दलाच्या जवानांखेरीज नुकतेच खाली उतरलेले खेचरवालेही याची उत्तरे नेमकी देतात. वाट बंद झाल्यास सर्वप्रथम त्यांचाच रोजगार बुडतो. तेव्हा त्यांनी ‘नको’ म्हटल्यास त्या शब्दाचे मोल अधिक मानावे.

रात्री गोठलेला बर्फ पहाटे कठीण पण निसरडा असतो. उन्हे चढल्यावर तो मऊ होतो आणि दुपारी उतारावरून घसरण्याची शक्यता वाढते. याकरिता पहाटे निघून लिंचोलीपुढील गदेरे दुपारपूर्वी ओलांडावेत. खोल खाचांचा तळ असलेले बूट, लोखंडी टोकाची काठी व काळा चष्मा जवळ असावा. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा फार मोठा भाग परावर्तित करतो व त्याने डोळ्यांस तीव्र इजा होते.

नोंदणीची पावती म्हणजे वाटेची हमी नव्हे. आपल्याकडील बहुतेक यात्रा ठरावीक दिवसांच्या सहलीने होतात व परतीचे आरक्षण आधीच झालेले असते. वाट बंद असतानाही पुढे जाण्याचा आग्रह बहुधा यातूनच उद्भवतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्यास कवाडे उघडण्याच्या दिवसांऐवजी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ निवडावा, आणि कोणत्याही ऋतूत हृषीकेशहून परतीचे तिकीट काढताना किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.