रागसमय आणि पाळीचे घड्याळ : एक श्रवण-अभ्यास

शास्त्रीय संगीताचे दोन रसिक भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सध्या काय ऐकता आहात?” उत्तरात कोणी गायकाचे नाव सांगतो, कोणी रागाचे. ते केव्हा ऐकले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. वस्तुतः हिंदुस्थानी संगीताने ह्या ‘केव्हा’ला फार मोठे स्थान दिलेले आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात तर माणसाचा दिवस सूर्यापेक्षा पाळीने अधिक ठरतो. अशा ठिकाणी रागाच्या वेळेचे काय होते, ह्याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

समयसिद्धान्त

दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर. प्रत्येक प्रहर सुमारे तीन तासांचा. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रागांच्या वेळांची जी मांडणी केली, तिचे मुख्य सूत्र सोपे आहे. ज्या रागाचा वादी स्वर सप्तकाच्या पूर्वांगात, म्हणजे खालच्या भागात, तो राग दुपारी बारा ते रात्री बारा ह्या काळातला. ज्याचा वादी उत्तरांगात, तो रात्री बारा ते दुपारी बारा ह्या काळातला. ह्या सूत्राला अपवाद आहेत आणि त्यावर वादही पुष्कळ झाले आहेत. तरीपण कान तयार करण्यासाठी ते अजूनही उपयोगी पडते.

भूप आणि देशकार ही जोडी पाहा. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. भूपाचा वादी गंधार, म्हणून तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकाराचा वादी धैवत, म्हणून तो सकाळचा. स्वर तेच, पण मुक्काम बदलला आणि संध्याकाळची सकाळ झाली! मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूटही असेच आहे. तिघांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो व सूर्यास्ताची हुरहूर लावतो. पूरिया गंधार-निषादाच्या आधाराने मंद्रात उतरतो. सोहनी मात्र तार षड्जाभोवती झगमगते, आणि तिची वेळ सांगितली आहे ती उत्तररात्रीची.

ध्वनिमुद्रणाने ही बंधने सैल केली. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच गाणे मावत असे. पुढे लाँग प्ले आली आणि विलंबित ख्यालाला जागा मिळाली. उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांच्या एका प्रसिद्ध लाँग प्लेवर एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. तबकडी उलटायला क्षणभर पुरतो. पण शास्त्राप्रमाणे त्या दोन बाजूंमध्ये निम्मी रात्र जायला हवी!

मैफलीचे घड्याळ

पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालत असे. मालकंस, दरबारी, अडाणा ह्यांच्या वाटेने पहाटेच्या ललतापर्यंत मैफल पोचे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते, इतकेच. नियम योग्यच आहेत. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही झोप हवी असते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की मध्यरात्रीनंतरच्या रागांना खुल्या मांडवात त्यांची स्वतःची वेळ उरली नाही. सोहनी आता रात्री नऊलाही ऐकावी लागते. मग हे राग त्यांच्या वेळी आज कोण ऐकते?

पाळीचे घड्याळ

ह्याचे एक उत्तर मला आमच्याच वसाहतीत मिळाले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पाहता पाहता भाताच्या खाचरांजवळ भोंगे वाजू लागले. चाकणची पाळी सुरू झाली ती त्यानंतर. आज आमच्या गल्लीत कोणत्याही वेळी कोणीतरी कामावर निघालेला असतो, नाहीतर कामावरून परतत असतो. त्यांतले आम्ही सहा-सात जण शास्त्रीय संगीत ऐकणारे आहोत. महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून ‘सध्या काय ऐकतो’ हे एकमेकांना सांगतो. गेल्या वर्षी आम्ही एक श्रवणवही घातली. तीत रागाच्या नावाशेजारी घड्याळातली वेळ लिहायची, एवढाच नियम केला.

वही भरू लागली तशी एक गोष्ट ध्यानात आली. कार्यालयात जाणाऱ्यांच्या नोंदी बहुतेक रात्री आठ ते दहामधल्या होत्या : यमन, भूप, बागेश्री. पाळीवाल्यांच्या नोंदी मात्र आठही प्रहरांत पसरलेल्या! पहिली पाळी धरणारा पहाटे साडेचारला उठतो. बस येईपर्यंत त्याच्या कानावर ललत किंवा भटियार पडतो. तोच दुपारी घरी येतो तेव्हा भीमपलासी, मुलतानीची वेळ झालेली असते. दुसऱ्या पाळीचा मनुष्य मध्यरात्री परततो, जेवतो आणि दरबारी लावतो. पाळी बदलत राहते, त्यामुळे महिन्याभरात एकच मनुष्य जवळजवळ सगळे घड्याळ फिरून येतो. सुट्या भागांच्या कारखान्यातले आमचे एक काका म्हणाले, “दरबारीसाठी मला मुद्दाम जागावं लागत नाही रे, कंपनीच जागवते.”

खरा पेच रातपाळीचा आहे. रातपाळी करून आलेला मनुष्य सकाळी आठला पडदे ओढून झोपू पाहतो. त्याने काय ऐकावे? बाहेर तोडीची वेळ आहे. त्याच्या देहाची मात्र मध्यरात्र. आमच्यातले निवृत्त मास्तर म्हणतात, “राग सूर्याचा आहे, तुमच्या उशीचा नव्हे.” काकांचा अनुभव निराळा. त्या वेळी त्यांना तोडी अस्वस्थ करते आणि मालकंसाने डोळा लागतो. दोघांचीही बाजू मला खरी वाटते. आळंदी-देहूच्या परिसरात वाढलेल्या कानाला पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ आणि शेवटची भैरवी ह्यांची सवय असते. ती वेळ सगळ्या गावाची असते. पाळीची रात्र एकट्याची असते. माझ्या मते रागाची वेळ म्हणजे त्याचा नुसता मुहूर्त नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनाला विशिष्ट अवस्थेकडे नेण्याची ती वाट आहे. सूर्य ती वाट सोपी करतो. पण ज्याचा सूर्यच पाळीने हिरावला, त्याला त्या वाटेवर येऊ नको म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

श्रवणवहीची रीत

विद्यार्थिमित्रांना हा अभ्यास सहज करता येईल. अनुभवाने चार सूचना कराव्याशा वाटतात.

१. एका आठवड्यात एकच राग घ्यावा आणि तो दोन निराळ्या वेळी ऐकावा.

२. राग कोणत्या स्वरावर थांबतो, हे आधी स्वतः ओळखून लिहावे. वादी कोणता, ते पुस्तकात नंतर पाहावे.

३. शक्यतो समस्वरी जोडी घ्यावी. दरबारीनंतर अडाणा ऐकला, म्हणजे एकाचा मंद्राकडचा ओढा व दुसऱ्याची तार सप्तकाकडची झेप चटकन कळते.

४. दरबारी मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नये. मंद्रातले स्वर त्यात हरवतात, आणि तेच तर त्या रागाचे वैभव आहे. साधा कानात घालायचा हेडफोनही पुरतो.

हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष नव्हेत. सहा-सात माणसांच्या नोंदींवर सिद्धान्त उभा करता येत नाही, ह्याची जाणीव आहे. तथापि एक गोष्ट निश्चित सांगता येईल. परीक्षेत ‘सोहनीची वेळ कोणती?’ ह्या प्रश्नाचे उत्तर आपण ‘उत्तररात्र’ असे लिहितो आणि गुण मिळवतो. प्रत्यक्षात ती वेळ आपण निजून काढतो. त्या वेळी जागा असणारा मनुष्य आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत आहे. कारखान्याच्या पट्ट्यात रसिक कोठले, असे म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा विचारून पाहावे. संगीताचे रात्रीचे प्रहर आज ज्यांच्यापाशी शिल्लक आहेत, त्यांच्या नोंदी गोळा करणे हे आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. त्याला एक वही व एक पेन पुरेसे आहे.