फ्लॅशच्या पोटांतील चार सेल

बक्षीससमारंभाच्या वेळीं कॅमेरा हातीं घेऊन उभें राहण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल, त्यांस फ्लॅशच्या पाठीवरील बारीक दिवा चांगलाच परिचयाचा असेल. एक छायाचित्र घेतलें कीं हा दिवा मालवतो, आणि तो पुनः लागण्यापूर्वीं घेतलेलें दुसरें छायाचित्र बहुधा अंधारें निघतें. तिकडे विद्यार्थी व्यासपीठावर येतो, पाहुण्यांच्या हातून पेला घेतो, नमस्कार करतो आणि दुसऱ्या बाजूनें उतरून जातो. या साऱ्यास चार-पांच सेकंदांहून अधिक काळ लागत नाहीं. तेवढ्यांत दिवा न लागला, तर त्या मुलाच्या आईबापांनीं जन्मभर जपून ठेवावें असें चित्र गेलेंच म्हणावयाचें. बक्षीस कांहीं दोनदां देत नाहींत. अशा वेळीं दोष पुष्कळदां कॅमेऱ्याचा नसतो, चित्र घेणाऱ्याचाहि नसतो. तो फ्लॅशच्या पोटांतील चार सेलांचा असतो. हे सेल कसे पारखावे व कसे सांभाळावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. वर्गांत शिकलेलें वीजशास्त्र येथें पदोपदीं उपयोगास येतें, हें विद्यार्थ्यांस दिसून येईलच.

प्रथम फ्लॅश कसा चालतो तें पाहूं. एके काळीं छायाचित्रकार मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करीत. धुराचे लोट उठत व कधीं कधीं हातहि भाजत. पुढें १९३१ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं, फिरतीं यंत्रें क्षणभर स्थिर असल्याप्रमाणें दिसावीं म्हणून, विजेचा क्षणिक दीप सिद्ध केला. त्याच तत्त्वावर आजचा फ्लॅश चालतो. त्यांत झेनॉन वायूनें भरलेली कांचेची नळी असते. चार सेलांचा मिळून दाब अवघा पांच-सहा व्होल्ट. तो वाढवून तीनशें व्होल्टांच्या वर नेतात व ती वीज कपॅसिटरमध्यें सांठवितात. बटण दाबतांच हा सांठा नळींतून एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वाहून जातो आणि लख्ख उजेड पडतो. मग कपॅसिटर पुनः भरेपर्यंत थांबणें आलें. तो किती लवकर भरेल, हें मुख्यतः सेलांच्या हातीं आहे.

यास वीज किती लागते, हें गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावें. एका मोठ्या फ्लॅशमधील कपॅसिटर १४०० मायक्रोफॅरडचा आहे व तो ३३० व्होल्टांपर्यंत भरतो असें धरा. धारकतेस दाबाच्या वर्गानें गुणून त्याचें निमें केलें असतां उत्तर सुमारें ७६ जूल येतें. दाब वाढवितांना कांहीं शक्ति उष्णतेंत जाते. ती जमेस धरून सेलांतून दुप्पट, म्हणजे १५० जूल, काढावे लागतात असें मानूं. हें काम चार सेकंदांत व्हावयाचें तर दर सेकंदास जवळजवळ ३८ जूल हवेत. आणि सेलांचा एकूण दाब ४.८ व्होल्ट असल्यास प्रवाह येतो आठ अँपिअर! भिंतीवरच्या घड्याळास अशाच एका सेलांतून अँपिअरचा हजारावा भागहि लागत नाहीं. घड्याळ वर्षभर चालविणारा सेल फ्लॅशमध्यें का लटका पडतो, याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे.

सेलाच्या वेष्टनावर मिलिअँपिअर-तासांचा जो आंकडा छापलेला असतो, तो रांजण केवढा आहे एवढेंच सांगतो. रांजणाची तोटी किती रुंद आहे, तें त्यावर लिहिलेलें नसतें. आणि फ्लॅशला रांजणापेक्षां तोटीचेंच महत्त्व अधिक. या तोटीचा अरुंदपणा म्हणजेच सेलाचा अंतर्गत रोध होय. नेहमींच्या अल्कलाइन सेलावर दीड व्होल्ट असें लिहिलेलें असतें, आणि पुनः भरतां येणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलावर १.२ व्होल्ट. तेव्हां पहिलाच जोरदार, असा साहजिक समज होतो. परंतु अल्कलाइन सेलाचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम धरला, तर आठ अँपिअर प्रवाहास १.२ व्होल्ट सेलाच्या आंतच खर्ची पडतील व बाहेर ०.३ व्होल्ट उरेल. म्हणजे एवढा प्रवाह तो देऊंच शकत नाहीं. तो थोडा थोडा देतो, आणि आपण दिव्याकडे पाहत बसतों. दुसऱ्या प्रकारच्या सेलाचा रोध ०.०३ ओहमच्या जवळपास असतो. त्याचे आंत ०.२४ व्होल्ट जातात, बाकीचे कामास येतात. निकॉन कंपनीनें २००८ सालीं काढलेल्या एस.बी.-९०० या फ्लॅशच्या माहितीपत्रकांत, ताजे अल्कलाइन सेल घातल्यास कमींत कमी ४ सेकंद व निकेल-मेटल-हायड्राइड घातल्यास २.३ सेकंद थांबावें लागतें असें दिलें आहे. शिवाय अल्कलाइन सेल जसजसा उतरतो तसतसा त्याचा रोध वाढत जातो. समारंभाच्या आरंभीं चार सेकंद, तर शेवटीं वीस-पंचवीस, अशी अवस्था होते.

पुनः भरतां येणारे निकेलचे सेल नवे नाहींत. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनीं १८९९ सालीं निकेल व कॅडमियम यांचा सेल बनविला. कॅडमियम विषारी असल्यामुळें पुढें त्याची जागा निकेल-मेटल-हायड्राइडनें घेतली; असे सेल १९८९ च्या सुमारास बाजारांत आले. त्यांत एक मोठी खोड होती. भरून नुसते ठेवले तरी महिन्याभरांत त्यांतील बरीच वीज आपोआप नाहींशी होई, आणि आयत्या वेळीं फ्लॅश उघडावा तों सेल निम्मे रिकामे. २००५ च्या नोव्हेंबरांत जपानच्या सान्यो कंपनीनें एनेलूप या नांवाचा सेल काढून ही खोड पुष्कळशी घालविली. वर्षभर पडून राहिला तरी त्यांतील बहुतेक सांठा शिल्लक असतो. आतां तो पॅनासॉनिक कंपनीच्या नांवानें विकला जातो, व इतर कंपन्याहि तशाच जातीचे सेल करतात. विकत घेतांना वेष्टनावर 'आधींच भरलेले' अशा अर्थाचे शब्द आहेत कीं नाहींत तें पाहावें. या जातीची ती ढोबळ खूण समजावी.

यांतहि दोन प्रकार मिळतात: एक सुमारें २००० मिलिअँपिअर-तासांचा व दुसरा २५०० चा. मोह अर्थातच दुसऱ्याचा पडतो. आमचें मत मात्र पहिल्याच्या बाजूचें आहे. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणें पहिला २१०० वेळां भरतां येतो, दुसरा ५०० वेळां. प्रत्यक्षांत इतके आंकडे क्वचितच गांठले जातात. पण दोहोंतील अंतर खरें आहे. आणि वरच्या गणितानें पाहिलें तर २००० चे चार सेल पूर्ण जोराचे सुमारें २३० झोत देतात. बक्षीससमारंभास तेवढे पुरेसे आहेत. न पुरल्यास दुसरा संच जवळ असावा. छत पांढरें व बुटकें असल्यास झोत छतावर टाकावा, कॅमेऱ्याची संवेदनशीलता थोडी वाढवावी, आणि फ्लॅश पाव जोरानें चालवावा. म्हणजे तेच सेल जवळजवळ चौपट पुरतात व दिवाहि लवकर लागतो. ३००० किंवा त्याहून मोठा आंकडा छापलेले स्वस्त सेल दिसले तर तेथून मुकाट्यानें निघावें हें उत्तम. एवढ्या आकारांत तितका सांठा मावत नाहीं. चांगला सेल वजनांत सुमारें २६ ते ३० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरांतील काट्यावर टाकतांच खोट्या सेलाचें बिंग बरेच वेळां फुटतें.

लिथियमच्या सेलांविषयीं एक सूचना केलीच पाहिजे. आकारानें अगदीं असाच दिसणारा, पण ३.७ व्होल्टांचा एक लिथियम-आयन सेल मिळतो. असे चार फ्लॅशमध्यें घातल्यास दाब १४.८ व्होल्ट होतो व फ्लॅश जळून जातो. दुकानांतील मनुष्य 'मापाचाच आहे' असें सांगेल. तें खरेंहि असतें, परंतु मापाचा असणें निराळें व दाबाचा असणें निराळें. निकेल-झिंक सेल १.६ व्होल्टांचे असून दिवा झटपट लावतात, पण त्यांनीं फ्लॅश अधिक तापतो. कंपनीची संमति नसल्यास ते वापरूं नयेत. कांहीं नव्या फ्लॅशांस स्वतःची लिथियमची पेटी असते, व ती फार सोयीची आहे. ज्यांच्याजवळ तसा फ्लॅश असेल त्यांनीं पुढील मजकूर सोडून दिला तरी चालेल.

चार सेलांच्या फ्लॅशमध्यें सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित, गोष्ट ही कीं ते चार सेल एकापुढें एक असे एकसरीनें जोडलेले असतात. जो प्रवाह एकांतून जातो तोच चौघांतून जातो. पालखीस चार भोई असावेत, त्यांपैकीं एक थकावा, आणि तरी बाकीच्या तिघांनीं चाल सोडूं नये, म्हणजे त्या थकलेल्याची जी गत होते तीच येथें दुबळ्या सेलाची होते. त्याचा सांठा संपतो; इतर तिघे अद्याप भरलेले असतात, व ते आपला प्रवाह त्याच्यामधून बळानें रेटतात. मग त्याच्या टोकांवरील दाब शून्यावर येऊन उलटा होतो. असें दोन-चार वेळां घडलें कीं तो सेल कायमचा बिघडतो. पुढच्या खेपेस तो आणखी लवकर थकतो, आणि त्याच्यापायीं सगळा संच वाईट ठरून फेंकून दिला जातो. वास्तविक त्यांतील तीन सेल ठणठणीत असतात.

यावर उपाय सोपा आहे. चार सेल एकाच वेळीं, एकाच जातीचे घ्यावे, व न पुसणाऱ्या शाईनें प्रत्येकावर 'क' संच, 'ख' संच अशी अक्षरें व खरेदीचा महिना लिहावा. 'क' संचांतील सेल टेलिव्हिजनच्या रिमोटसाठीं कोणीं मागितला तर देऊं नये; घरांत याबद्दल थोडा वाद होईल, तो होऊं द्यावा. नवा सेल जुन्यांत मिसळूं नये. समारंभाच्या आरंभीं दिवा तीन सेकंदांनीं लागत असेल व मग सहा-सात सेकंद लागूं लागले, तर सेल निःशेष होण्याची वाट न पाहतां चारहि एकदम बदलावे. पेटींत ठेवतांना भरलेल्या सेलांचें उंचवट्याचें टोंक वर व वापरलेल्यांचें खालीं ठेवण्याचा प्रघात असावा. घाईंत तो फार उपयोगी पडतो.

भरण्याचें यंत्रहि पाहून घ्यावें. स्वस्त चार्जर सेल जोडीजोडीनें भरतो. जोडींतील एक आधीं भरला तरी दुसऱ्यासाठीं त्यांत वीज ढकलीत राहतो. चांगला चार्जर प्रत्येक सेलाची चौकशी निरनिराळी करतो. निकेलचा सेल पूर्ण भरला कीं त्याचा दाब वाढावयाचें सोडून किंचित् उतरतो, व सेल तापूं लागतो. ही खूण ओळखून चार्जर थांबतो. प्रवाह फारच थोडा असला तर ही खूण अंधुक होते, आणि फार असला तर सेल उगाच तापतो. २००० च्या सेलास अर्धा ते एक अँपिअर प्रवाह मानवतो. अर्ध्या अँपिअरनें भरण्यास साडेचार-पांच तास लागतात. म्हणून भरण्याचें काम आदल्या दिवशींच करावें. फ्लॅशमधून काढलेले गरम सेल लागलीच चार्जरवर चढवूं नयेत. हाताला थंड लागेपर्यंत त्यांस विसावा द्यावा. वैशाखांतल्या उन्हांत उभ्या मोटारींत सेल विसरणें म्हणजे त्यांचें आयुष्य आपल्या हातानें कमी करणें होय.

धाकट्या विद्यार्थ्यांसाठीं दोन गोष्टी बजावून सांगतों. भरलेले सेल खिशांत किल्ल्या किंवा नाणीं यांच्याबरोबर टाकूं नयेत. ज्या रुंद तोटीची आम्ही वर स्तुति केली, तीच येथें घात करते. दोन्ही टोंकें धातूनें जोडलीं गेलीं तर किल्ली भाजण्याइतकी तापते. त्यासाठीं प्लास्टिकची डबी मिळते. दुसरी, मोडका फ्लॅश उघडून पाहण्याचा हव्यास धरूं नये. सेल काढून घेतल्यावरहि कपॅसिटरमध्यें तीनशें व्होल्टांची वीज बराच काळ दबा धरून असते, व तिचा झटका जिवावर बेतूं शकतो.

मे महिन्याच्या सुटींत फ्लॅश कपाटांत ठेवावयाचा असल्यास सेल बाहेर काढून कोरड्या, थंड जागीं ठेवावे. महिन्यांतून एकदां मात्र ते घालून पांच-सहा झोत उडवावे, म्हणजे कपॅसिटर सुस्थितींत राहतो. बराच काळ पडून राहिलेले सेल मंद वाटले तर त्यांस दोन-तीन वेळां पुरते वापरून पुनः भरावें. पुष्कळसे पूर्ववत् होतात. जे होत नाहींत, त्यांवर फुली मारून ते घड्याळास किंवा रिमोटला द्यावे. तेथें ते आणखी कांहीं वर्षें सुखानें नोकरी करतात.

तेथेंहि जे चालेनासे होतील, ते केराच्या टोपलींत जाऊं देऊं नयेत. त्यांतील निकेल व इतर धातु पुनः काढतां येतात. आपल्या देशांत २०२२ सालीं बॅटरींच्या कचऱ्यासंबंधीं जे नियम झाले, त्यांअन्वयें वापरलेले सेल परत गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातलेली आहे. घरांतले निकामी सेल एका बरणींत सांठवावे, व बरणी भरली म्हणजे इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रांत नेऊन द्यावी.