बाटलीत नेमके काय आहे? सुगंधी तेलांच्या शुद्धतेची परीक्षा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे मंडळाचे पत्र आले की बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, अतिसार किंवा मुलांचा आहार यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा संकेतच पडून गेला आहे. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु या वर्षी मी जरा आडवाटेचा विषय निवडला आहे आणि तो व्यवसायबंधूंइतकाच समाजातील इतर वाचकांसाठीही आहे.

आपल्या घरांतून पूर्वी निलगिरीच्या तेलाची एक बाटली, दातदुखीसाठी लवंगेचे तेल आणि कापूर, ओव्याचे फूल व पुदिन्याचे फूल एकत्र केले की आपोआप पातळ होणारी अमृतधारा, एवढाच या तेलांचा संसार असे. आता तो पुष्कळ वाढला आहे. लॅव्हेंडर, टी-ट्री, पेपरमिंट, लेमनग्रास यांच्या छोट्या बाटल्या घरपोच येतात. विजेवर चालणारी वाफाऱ्याची यंत्रे बाळांच्या खोल्यांत दिसतात. डिसेंबरात लाल परेड मैदानावर वनमेळा भरला की आपल्यापैकी बहुतेक जण एखादी तरी बाटली घेऊन येतातच. प्रत्येक बाटलीवर ‘१०० टक्के शुद्ध’ असे लिहिलेले असते. या तीन शब्दांचा अर्थ काय आणि तो तपासता येतो काय, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या फसवणुकीचा नाही. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी पावणेदोन वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले गेले. “डॉक्टर, खोकल्याचंच औषध समजून चमचाभर दिलं हो,” असे आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मूल गुंगलेले होते, दोनदा उलटी झालेली होती, तोंडाला निलगिरीचा वास येत होता. आईने प्रसंगावधान राखून बाटली बरोबर आणली होती. तिच्यावर झाडाचे चित्र होते, शुद्धतेची ग्वाही होती. पण वनस्पतीचे शास्त्रीय नाव नव्हते, सिनिओलचे प्रमाण नव्हते, आणि उत्पादकाचा पत्ताही धड वाचता येत नव्हता. ते मूल दुसऱ्या दिवशी हसतखेळत घरी गेले. परंतु त्या रात्री उपचार करताना मनात असलेला प्रश्न असा : ते खरोखर निलगिरीचेच तेल असेल तर धोका गुंगीचा, आचक्यांचा आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा. त्यात रॉकेल मिसळले असेल तर काही तासांनी फुप्फुसांचा दाह होणार. कापराचे तेल असेल तर झटके कोणतीही पूर्वसूचना न देता येऊ शकतात. आणि विंटरग्रीन म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असेल तर सुरुवातीचे काही तास मूल बरे वाटून नंतर श्वास जलद होणे, रक्तातील आम्लता वाढणे असा सगळा ॲस्पिरिन-विषबाधेचा प्रवास सुरू होणार. ५ मिलिलिटर मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिन; दहा किलो वजनाच्या मुलाला दीड ग्रॅमदेखील विषारी ठरते. भेसळ ही अशा वेळी निदानाची बाब होते.

भेसळीचा हा व्यवसाय आजचा नाही, आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्याच परिसरात घडला आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांस, खानदेश, निमाड आणि बैतूलच्या माळांवर, रोशा नावाचे गवत उगवते. गवती चहाचे हे भावंड. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. लखनौचे जनरल क्लॉद मार्टिन यांचे नाव त्यास मिळालेले आहे. याचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे : मोतिया आणि सोफिया. मोतियापासून पामारोझा तेल निघते, त्यात जिरॅनिऑल पाऊणहिश्शाहून अधिक असते आणि वास थेट गुलाबाच्या कुळातला. सोफियाचे तेल, ज्याला व्यापारात जिंजरग्रास म्हणतात, त्यामानाने उग्र व स्वस्त. गवत कापणाऱ्याने दोन्ही पेंढ्या एकाच देगेत टाकल्या की भेसळ भट्टीपाशीच झाली.

एकोणिसाव्या शतकात ‘निमाडचे गवती तेल’ या नावाने हे तेल वैद्यकीय लिखाणात आले. खानदेशात पिंपळनेरच्या बाजूस ते गाळले जाई, मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवीत, म्हणजे त्याचा रंग व उग्रपणा कमी होई, आणि मग बल्गेरियातील गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळीत. म्हणजे आपल्या माळावरचे गवत युरोपात गुलाब म्हणून विकले जात होते! गंमत अशी की ज्या तेलाने गुलाबाच्या अत्तरात भेसळ केली जात होती, त्या तेलातही मुंबईपर्यंत पोहोचण्याआधी टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खोबरेल मिसळलेले असे. शुद्धतेच्या तपासण्या या व्यवहारातूनच विकसित होत गेल्या, आणि त्यांतील काही आजही आपल्याला घरच्या घरी करता येतात.

सर्वांत सोपी परीक्षा कागदाची. टीपकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून ती उघड्यावर ठेवावी. सुगंधी तेल हे उडून जाणारे, म्हणजे बाष्पनशील. खोबरेल, शेंगदाणा, एरंडेल ही स्थिर तेले. दुसऱ्या दिवशी कागदावर तेलकट, पारदर्शक डाग राहिला तर स्थिर तेलाची भेसळ समजावी. मात्र चंदन, वाळा, पाचौली यांसारखी जड तेले स्वभावतःच हळू उडतात. त्यांना ही कसोटी लावू नये. पट्टीचा वास पहिल्या मिनिटाला, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी असा तीनदा घ्यावा. सुरुवातीच्या निलगिरीमागून टर्पेंटाइनचा राळेसारखा वास डोकावू लागला की जाणकार नाक ते लगेच ओळखते. कनौजचे जुने अत्तरवाले याच नाकावर व्यापार करीत आले आहेत आणि मला त्या नाकाविषयी आदर आहे. पण ते नाक प्रत्येक घरी नसते.

दुसरी परीक्षा वजनाची. १० मिलिलिटर निलगिरी तेल साधारण ९.१ ते ९.२ ग्रॅम भरते; तेवढेच टर्पेंटाइन ८.६ च्या आसपास आणि रॉकेल सुमारे ८ ग्रॅम. सोनाराकडील काट्यावर हा फरक सहज कळतो. पाण्यात थेंब टाकून पाहणे त्याहून सोपे : बहुतेक सुगंधी तेले तरंगतात, परंतु लवंगेचे तेल आणि विंटरग्रीन बुडतात. ‘निलगिरी’ म्हणून आलेल्या बाटलीतील थेंब तळाशी गेला, तर सॅलिसिलेटची शंका घेऊन रक्ततपासणी पाठविण्यास तेवढे पुरे. थेंब टाकताच पाणी दुधाळ झाले, तर तेल विरघळविण्यासाठी काही तरी मिसळलेले आहे असे समजावे.

तिसरी कसोटी मद्यार्काची, आणि निलगिरीच्या बाबतीत ती मला सर्वांत उपयुक्त वाटते. शुद्ध निलगिरी तेल पाचपट ७० टक्के अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळते. रॉकेल वा टर्पेंटाइन असेल तर द्रावण गढूळ होते. पामारोझा तर त्याहूनही कमी अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यात खोबरेल असल्याचा संशय आला तर जुने परीक्षक बाटली बर्फात ठेवीत, मग खोबरेल गोठून वेगळे दिसे.

या सर्व कसोट्या अडाणी भेसळ पकडतात. हुशार भेसळवाला एक जड व एक हलका पदार्थ अशा बेताने मिसळतो की वजन अचूक भरते. त्यापुढे प्रयोगशाळा लागते. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी प्रसिद्ध केली आणि या शास्त्राचे रूप पालटले. (एका मार्टिनच्या नावाचे गवत दुसऱ्या मार्टिनच्या यंत्रात तपासले जाते, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.) तेलाची वाफ एका लांब, बारीक नळीतून पुढे ढकलली जाते, प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. ब्रिटिश औषधकोशानुसार निलगिरी तेलात सिनिओल किमान ७० टक्के हवे. ते शिखर पाहून मोजता येते. लॅव्हेंडरमधील लिनॅलूल हा निसर्गतः जवळजवळ सर्वस्वी डाव्या वळणाचा असतो, तर कारखान्यात बनविलेल्यात डावा-उजवा निम्मा निम्मा. योग्य नळी वापरली की ती चोरी लगेच उघड होते.

यंत्रालाही मर्यादा आहेत, आणि अहवाल हाती आला की त्या विसरल्या जातात. खोबरेल उडत नाही, म्हणून ते नळीच्या तोंडाशीच अडकते आणि कागदावर उमटतच नाही. उरलेल्या शिखरांची बेरीज तरीही शंभर टक्केच दाखविली जाते. म्हणजे निम्मे खोबरेल असलेल्या तेलाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि ते पकडते ती आजीच्या काळातली टीपकागदाची पट्टी. विंटरग्रीनची अडचण याहून मोठी : नैसर्गिक तेलातच ९६ टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट असते आणि कृत्रिम पदार्थाचा रेणू हुबेहूब तोच. तेथे कार्बनच्या समस्थानिकांचे मापन करावे लागते. खनिज तेलापासून बनलेल्या रेणूत किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. आणखी एक प्रकार तर भेसळीच्या व्याख्येतच बसत नाही. पुदिन्याच्या तेलातून मेन्थॉल किंवा ओव्याच्या तेलातून थायमॉल काढून घेतात आणि उरलेले तेल विकतात. त्यात परके काहीच घातलेले नसते, पण ज्यासाठी ते घ्यावे तेच निघून गेलेले असते.

येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. शुद्ध म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण लोकांच्या मनात आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते : तेल जितके शुद्ध, तितका एका चमच्यात विषारी घटक अधिक. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये १९८१ ते १९९२ या काळात निलगिरी तेल पोटात गेल्यामुळे १०९ मुले दाखल झाली. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांची शुद्ध हरपत चालली होती. ते तेल काही भेसळीचे नव्हते. कापराचा एखादा ग्रॅमही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल लावल्याने स्वरयंत्र आवळले जाऊन श्वास अडल्याच्या नोंदी आहेत. ‘उपचारी दर्जा’ असे जे लेबलांवर छापलेले असते, तसा दर्जा कोणतीही शासकीय संस्था देत नाही. तो विक्रेत्याने स्वतःच स्वतःला दिलेला असतो.

लेबल आणि बाटली यांतील अंतर किती भयंकर असू शकते, हे आपल्या राज्याने अलीकडेच पाहिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना नागपूरला हलविले गेले होते. औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. हाच पदार्थ १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेला होता आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. तो पदार्थ शोधणारे यंत्रही हेच, वायू-क्रोमॅटोग्राफ. औषधांसाठी निदान कायदा आहे, निरीक्षक आहेत. ‘केवळ सुवासासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीला औषधाची ती तपासणी लागूच होत नाही, आणि तिचा वापर मात्र घरोघरी औषध म्हणूनच होतो.

तेव्हा बाटली घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून तेल काढले, मुख्य घटकाचे प्रमाण, बॅच क्रमांक व उत्पादकाचा पूर्ण पत्ता एवढे तरी पाहावे. मुलाने तेल प्यायले तर उलटी करवू नये. बाटली आणि राहिलेले तेल घेऊन तडक रुग्णालयात यावे. व्यवसायबंधूंनी मूल ठणठणीत दिसले तरी किमान सहा तास नजरेखाली ठेवावे. नक्की काय प्यायले ते ठाऊक नसेल, तर सॅलिसिलेटची पातळी एकदा पाहून थांबू नये, पुन्हा पाहावी. थेंब पाण्यात टाकून पाहण्यास अर्धे मिनिट लागते; मात्र त्यासाठी उपचार खोळंबवू नयेत.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. कनौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र आणि लखनौची ‘सिमॅप’ ही संस्था अशा तेलांची तपासणी करतात. आपल्या सभासदांच्या घरांतून निलगिरी, लवंग आणि पेपरमिंट यांच्या प्रत्येकी चार बाटल्या गोळा कराव्यात, टीपकागदाची व मद्यार्काची परीक्षा आपण येथेच करावी, आणि नंतर तेच नमुने तेथे पाठवावेत. खर्च फार नाही. बाटल्या गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतो. ज्यांना द्यावयाची असेल त्यांनी लेबल न काढता, झाकण घट्ट लावून माझ्या दवाखान्यात पोहोचवावी.