पाऊल कोणाचें पुढें पडलें? : सी भाषेंतील दर्शकांचा एक पाठ

सी ही संगणकाची भाषा डेनिस रिची ह्यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिद्ध केली. तिचा अभ्यास करणारा विद्यार्थी आरंभीं न अडखळतां चालतो. परंतु '*++आर्गव्ही' असें पद दृष्टीस पडलें कीं तो थबकतो. त्या पदाचा उलगडा करणें हा प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

आज्ञेच्या ओळीवर आपण 'बदल -कख पत्र' असें लिहिलें, असें समजा. 'बदल' हें प्रोग्रॅमचें नांव. '-कख' ह्यांत क व ख ह्या दोन सूचना एकत्र जोडलेल्या. आणि 'पत्र' हें फाइलीचें नांव. (प्रत्यक्षांत हीं अक्षरें रोमन असतात व प्रत्येक अक्षर एक बाइट जागा व्यापतें, येथेंहि तसेंच मानावें.) प्रोग्रॅमच्या 'मेन' ह्या मुख्य फंक्शनला दोन गोष्टी मिळतात. 'आर्गसी' ही शब्दांची संख्या. ती येथें ३. 'आर्गव्ही' हा एका रांगेच्या आरंभाकडे बोट दाखविणारा दर्शक, म्हणजे पॉइंटर. त्या रांगेंत शब्द नसतात, शब्दांचे पत्ते असतात. क्रमांक ० च्या घरांत 'बदल'चा पत्ता, १ च्या घरांत '-कख'चा, २ च्या घरांत 'पत्र'चा. क्रमांक ३ च्या घरांत शून्य-दर्शक असतो. रांग संपल्याची ती खूण होय.

येथें दर्शक दोन प्रकारचे आहेत, हें प्रथम मनांत ठसवावें. 'आर्गव्ही' एक पाऊल पुढें गेला तर एक शब्द ओलांडतो. रांगेंतील एखादा दर्शक एक पाऊल पुढें गेला तर एक अक्षर ओलांडतो. दर्शक ज्या वस्तूकडे पाहतो, त्या वस्तूच्या आकारावर पावलाची लांबी ठरते. ६४ बिटांच्या नेहमींच्या संगणकावर पहिलें पाऊल ८ बाइटांचें, तर दुसरें १ बाइटाचें.

आतां चार पदें घेऊं. पहिल्या तिहींत 'आर्गव्ही' प्रत्येक वेळीं आरंभींच आहे असें धरावें.

१. '*++आर्गव्ही' : आधीं आर्गव्ही सरकतो, मग तारका त्या घरांतील पत्ता काढते. उत्तर, '-कख'चा पत्ता.

२. '*आर्गव्ही++' : आर्गव्ही येथेंहि सरकतो, परंतु तारकेला त्याची जुनी जागा मिळते. उत्तर, 'बदल'चा पत्ता.

३. '(*++आर्गव्ही)[०]' : पुढच्या शब्दाचें पहिलें अक्षर, म्हणजे '-' हें चिन्ह.

४. तिसऱ्या पदानंतर लागलीच '*++आर्गव्ही[०]' : चौकोनी कंसाचा अधिकार तारकेपेक्षां व आधीं येणाऱ्या ++ पेक्षां मोठा. म्हणून आर्गव्ही जागचा हलत नाहीं. त्याच्या घरांतील दर्शकच एक अक्षर पुढें जातो. उत्तर 'क', पुन्हा केलें तर 'ख', त्यापुढें शब्द संपल्याचें शून्य.

तिसऱ्या व चौथ्या पदांत भेद केवळ साध्या कंसाचा. पण एकांत शब्द ओलांडला जातो, दुसऱ्यांत अक्षर.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. २०२२ च्या जानेवारींत लिनक्सवरील 'पीकेएक्सेक' ह्या प्रोग्रॅममधील एक दोष उघडकीस आला. तो २००९ पासून त्यांत दडलेला होता. स्वतःचें नांव तरी क्रमांक ० वर असेलच, असें गृहीत धरून तो प्रोग्रॅम १ पासून वाचीत असे. परंतु एकहि शब्द न देतां, आर्गसी ० ठेवून, त्यास चालविणें शक्य होतें. अशा वेळीं शेवटची खूण क्रमांक ० वरच असे. प्रोग्रॅम ती न पाहतां ओलांडी व शेजारच्या रांगेंत शिरे. त्यामुळें साध्या वापरकर्त्यास सर्वाधिकार बळकावतां येत. '*++आर्गव्ही' हें पदहि क्रमांक ० चें घर न पाहतांच ओलांडतें, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणून असें पद लिहितांना तीन प्रश्न स्वतःस विचारावे: कोण सरकतो? किती सरकतो? शेवटची खूण पाहिली काय?

अभ्यासासाठीं एक प्रश्न: '++*आर्गव्ही' ह्यांत कोण सरकतो? कागदावर घरें आंखून उत्तर काढावें.